ठोकळ्यांचा पूल



या व्यासपीठावर आजवर मोठमोठे विद्वान बोलून गेले. आमची विद्या म्हणजे आठवीपर्यंतची शाळा आणि पुढे युनियनच्या कचेरीतले एक कपाटभर ग्रंथ. तरीही आम्हांस बोलावलेत, आणि आम्ही विषय निवडला तो एका खेळाचा! चळवळीतला माणूस पोरखेळावर काय बोलणार, असे कुणास वाटेल. थोडा धीर धरावा.

आमच्या भाच्याला संगणकावरील ‘माइनक्राफ्ट’ या खेळाचा नाद आहे. त्यातले सारे जग ठोकळ्यांचे. एक ठोकळा म्हणजे एक मीटर लांब, तितकाच रुंद, तितकाच उंच. दिवाळीच्या सुट्टीत त्याने या ठोकळ्यांतून सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल बांधावयास घेतला. अमेरिकेचा १०१ क्रमांकाचा हमरस्ता खाडीच्या मुखावरून पलीकडे नेणारा हा झुलता पूल १९३३ च्या जानेवारीत हाती घेतला गेला आणि २७ मे १९३७ रोजी लोकांना खुला झाला.

पोराने मापात कसूर केली नाही. दोन मनोऱ्यांमधले अंतर ४२०० फूट, म्हणजे १२८० ठोकळे. मनोरे पाण्यापासून ७४६ फूट, म्हणजे २२७ ठोकळे. २०२१ पूर्वी हे जमलेच नसते, कारण त्या जगाचे आकाशच पाण्यापासून दोनशे ठोकळ्यांच्या आत संपत असे. मुख्य दोराचा व्यास तीन फुटांहून किंचित अधिक, म्हणून दोराला एक ठोकळा पुरला. खऱ्या दोरात २७,५७२ तारा आवळलेल्या आहेत. याच्या दोरात एकही नाही.

रस्ता ज्या उभ्या दोरांना टांगला आहे ते पन्नास पन्नास फुटांवर, म्हणजे सव्वापंधरा ठोकळ्यांवर येतात. पाव ठोकळा आणायचा कोठून? पोर रडकुंडीला आले. आम्ही आयुष्यभर पगारपत्रकांतले पैसे जुळवलेले; म्हटले, तीनदा पंधरा घे, चौथ्यांदा सोळा. शेवटी फरक पडला तो अवघ्या एका ठोकळ्याचा. (खऱ्या पुलाचे बरेचसे गणित चार्ल्स एलिस यांनी केले. १९३१ साली त्यांना कामावरून काढले आणि पुलावर त्यांच्या नावाची पाटी लागली ती २०१२ साली! असो.)

पूल पुरा झाला तेव्हा आम्ही विचारले, “मनोऱ्याचा पाया काढलास तर?” त्याने काढला. मनोरा अधांतरी उभा राहिला. या जगात वाळू आणि खडी पडते, पुलाला मात्र वजनच नाही. मग त्याने आपल्या गड्याला रस्त्यावरून खाली पाण्यात उडी मारायला लावली. सदुसष्ट ठोकळे, म्हणजे २२० फूट. गडी पोहत बाहेर आला. जमिनीवर तेवीस ठोकळ्यांवरून पडला तर मरतो, पण पाण्यावर पडला तर ओरखडाही नाही.

“मामा, बघा, त्याला काही होत नाही!”

श्रोतेहो, तेथे आमचे हसू थांबले. खऱ्या पुलाखाली बांधकामाच्या वेळी सुतळी दोराचे जाळे ताणलेले होते. त्याला सव्वा लाखाहून अधिक डॉलर पडले. दहा लाख डॉलरच्या कामामागे एक मनुष्य जायचाच, असा त्या काळचा हिशोब होता आणि पूल होता साडेतीन कोटींचा. जाळ्याने एकोणीस जण झेलले. ‘अर्ध्या वाटेवरून नरकातून परतलेले’ म्हणून ते आपली थट्टा करीत. पण १७ फेब्रुवारी १९३७ रोजी काँक्रीटचे साचे काढणारी कित्येक टनांची परांची निखळली आणि जाळे फाडून बारा माणसांसह खाली गेली. दोघे वाचले, दहा गेले. तेही पाण्यातच पडले होते.

आम्ही एकदा एका ठेकेदारापुढे जाळ्याची मागणी घेऊन गेलो होतो. आमचा एक सेंट्रिंगवाला सहाव्या मजल्यावरून पडल्याला आठवडा झाला होता. तो म्हणाला, “इमारत झाल्यावर जाळे कुणाला दिसणार आहे?” त्या दिवशी आम्हांस उत्तर सुचले नाही. त्या कामगाराच्या बायकोचा अर्ज मात्र आम्हीच लिहिला.

हे सारे भाच्याला सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “पण फोटोत जाळं नाहीये.” फोटो जुना होता. जीव देणाऱ्यांना अडविण्यासाठी त्या पुलाखाली आता पोलादी जाळे बसविले आहे. ते काम २०२४ च्या आरंभी पुरे झाले. पण आम्ही सांगत होतो ते जाळे सुतळीचे, आणि ते काम संपताच उतरवले गेले.

खेळात कोळ्याचे जाळे मिळते. त्यात पडणारा मरत नाही. रस्त्याची रुंदी सत्तावीस, दोन्ही बाजूंना तीन तीन जास्त, आणि लांबी १२८०. बेचाळीस हजारांवर जाळी लागणार. पोराने कपाळाला हात लावला आणि उत्तरेकडच्या मनोऱ्यापासून सुरुवात केली. परवा विचारत होता, “मामा, झाल्यावर काढायचं का?”

आम्ही म्हटले, आधी लावून तर होऊ दे.