शिष्यवृत्ती फीपुरती नको



अंबड, मंठा, परतूर, जाफराबादहून इतकी मुलं-मुली आज इथे आली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. मी एकच मागणी मांडणार आहे. आपल्या जालना जिल्ह्यातल्या ज्या विद्यार्थ्यांना मानसिक आरोग्याचं काम करायचं आहे, त्यांच्यासाठी एक शिष्यवृत्ती आपण उभी करू या. फक्त ती फीची नसावी.

फीसाठी शासनाच्या योजना आहेत. त्या अपुऱ्या असतील, पण आहेत. गाडी अडते ती मानसशास्त्रातल्या एम.ए.नंतर. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हवी तर मान्यताप्राप्त संस्थेत पुढचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि त्यासाठी जिल्हा सोडावा लागतो. साधा अनुभव घ्यायचा म्हटलं तरी पुण्या-मुंबईत खोलीचं भाडं, मेसचे पैसे, आणि बहुतेक ठिकाणी काम बिनपगारी. घरी कापसावर वर्ष काढणारा बाप असताना हे कसं जमावं? मग ही मुलं बी.एड. करतात, नाहीतर स्पर्धा परीक्षेच्या क्लासला बसतात. गुणवान मुलं या कामातून अशी निघून जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

हे काम पुस्तकावर येत नाही. सिव्हिल हॉस्पिटलच्या ओपीडीत एक बाई येते. आधी देवऋषी झालेला, मग गावातला डॉक्टर, दोन सलाईनही लावून झालेल्या. पिशवीत चार तऱ्हेच्या गोळ्या. शिकाऊ समुपदेशकाने त्या टेबलावर मांडायच्या आणि कोणती कधी घेतली ते विचारायचं. सोबत आलेल्या सासूला मानाने बाहेर बसवायचं. आणि मग विचारायचं, "ताई, जीव द्यावासा वाटतो का?" असं विचारल्याने तो विचार माणसाच्या डोक्यात शिरत नाही, हे आपण वर्गात शिकवतो. पण विचारताना आवाज कापू नये, आणि "हो" असं उत्तर आलं तर पुढच्या पाच मिनिटांत काय करायचं, हे शेजारी जाणतं माणूस बसल्याशिवाय येत नाही. त्या जाणत्या माणसाच्या वेळेला मोल आहे. आपली शिष्यवृत्ती ते मोल देणारी हवी.

ही निकड आत्ताची आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. मराठवाड्याच्या वाट्याला मात्र एकही आलं नव्हतं. शासनाने जालन्यासाठी ३६५ खाटांचं मनोरुग्णालय मंजूर केलं. इमारत कंत्राटदार बांधेल. पण इथल्या माणसाशी इथल्या बोलीत बोलणारे मानसशास्त्रज्ञ कुठून आणणार? २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा प्रत्येकाचा हक्क मानला. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक २०२२पासून सुरू आहे. फोन उचलायलाही माणूस लागतो, आणि फोननंतर भेटायला तर लागतोच.

कुणी म्हणेल, विद्यार्थ्याकडून बाँड लिहून घ्या, परत येतील. इथे मला बडोदा आठवतं. सयाजीरावांनी १९१३मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी शिष्यवृत्ती दिली. परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी, ही अट होती. १९१७मध्ये बाबासाहेब ती पाळायला बडोद्यात गेले. जातीपायी त्यांना राहायला जागा मिळाली नाही, आणि त्यांना बडोदा सोडावं लागलं. तो अन्याय फार मोठा होता, आपल्या अडचणीशी मी त्याची बरोबरी करत नाही. पण अट घालणाऱ्यांच्या बाजूनेही काही देणं असतं, हे त्यातून कळतं. परतणाऱ्या मुलीला बसायला खोली हवी, नियमित मानधन हवं, आणि अवघड रुग्ण आला तर विचारायला वरिष्ठ हवा. याची तयारी नसेल तर बाँड घेण्याचा अधिकार आपल्याला नाही.

सुरुवात लहान असू द्या. पहिल्या वर्षी दोनच विद्यार्थी निवडू, पण त्यांचं भाडं, जेवण आणि मार्गदर्शकाचं मानधन पूर्ण देऊ. निवड करताना गुणपत्रिकेआधी ते कुणाचं किती वेळ ऐकून घेऊ शकतात, हे पाहू. आपल्या गावात स्टीलचे कारखाने आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत. त्यांच्या दारात मी स्वतः जाईन. शहरातल्या मनोविकारतज्ज्ञांनी आठवड्यातली एक दुपार द्यावी, महाविद्यालयांनी एक खोली. दुपारच्या सत्रात या शिष्यवृत्तीच्या ठरावाचा मसुदा आपल्यासमोर येईल. त्यात रकमेचा आकडा मुद्दाम कोरा ठेवला आहे. तो आपण सर्वांनी मिळून भरायचा आहे.