काळजाच्या झडपा

मंडळी, मूठ आवळून पाहा. आपलं काळीज साधारण एवढंच. मिनिटाला सुमारे ७० वेळा ते आवळतं नि सैल होतं, आणि पाचेक लिटर रक्त अंगभर ढकलतं. आपण झोपतो, ते झोपत नाही.

विहिरीवरच्या पंपाच्या फुटव्हॉल्व्हमध्ये खडा अडकला तर काय होतं? इंजिन चालतं, पण पाणी मागं फिरतं. काळजालाही चार झडपा आहेत. रक्त पुढं जाऊ द्यायचं, मागं येऊ द्यायचं नाही, हे त्यांचं काम. झडप बिघडली की काळजाला जास्त राबावं लागतं. मग चढ चढताना धाप लागते.

झडप बिघडायचं एक कारण ऐकून नवल वाटेल. पोराचा दुखरा घसा! दर वेळी नव्हे. पण घशात एका जातीचे जंतू असले नि औषध झालं नाही, तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो. आज गुडघा सुजतो, उद्या घोटा. हा सांधेताप. सांधे बरे होतात, झडप मात्र कायमची बिघडू शकते.

या जंतूंवर पेनिसिलीन चालतं. पूर्वी ते परदेशातून येई. आपल्या पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली निघाला, नि १९५५ पासून तिथं पेनिसिलीन होऊ लागलं.

सांधेताप झालेल्या मुलाला डॉक्टर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीनची सुई देतात, तीही वर्षानुवर्षं. पोर खेळू लागलं की आया आम्हाला विचारतात, "आता कशाला टोचायचं?" चाकणला कामावर जाणाऱ्या बाईचा रोज बुडतो, हेही खरंच. पण सुई चुकली नि घसा पुन्हा धरला, तर झडप आणखी बिघडते. आपल्या मनानं मात्र सुई घेऊ नका. काहींना पेनिसिलीन सोसत नाही. डॉक्टर ते आधी विचारून घेतात.