ऋतूंमधलं ताडोबा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या ताडोबा व्याघ्र प्रकल्पात कॅमेरा घेऊन जायचं, तर बहुतेकांना एप्रिल-मे हवा असतो. तेव्हा चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, पाणवठे आटतात आणि उरलेल्या पाण्यात वाघ निवांत बसून राहतो. पण मला विचाराल, तर रान पाहावं हिवाळ्यात. पहाटे तलावावर धुकं असतं, त्यातून तिरपं कोवळं ऊन येतं आणि गव्याच्या नाकातली वाफसुद्धा फोटोत उतरते. मार्चच्या सुमारास पळस फुलतो. पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, जंगलाचं गाभा क्षेत्र पर्यटकांसाठी बंद. तेव्हा त्याभोवतीच्या बफर क्षेत्रातल्या खुल्या वाटांवर फुलपाखरं, बेडूक, कोळी टिपावेत. ऋतू कोणताही असो, सफारीची जिप्सी प्राण्याजवळ नेण्याचा आग्रह चालकाला कृपया करू नका.