गिधाडाची मजुरी

(युवकांच्या अभ्यासशिबिरात केलेलं भाषण)



आज मी गिधाडांवर बोलणार आहे. हसायचं त्यांनी हसून घ्या. आपल्या कवितेत गिधाड म्हणजे सावकार, गिधाड म्हणजे पुढारी, मढ्यावर टपून बसलेली व्यवस्था. ते गिधाड कवितेत राहू द्या. मी बोलतोय ते झाडावरच्या गिधाडाबद्दल. त्यानं कुणाचं व्याज वसूल केलं नाही, कुणाला पाणवठ्यावरून हाकललं नाही. त्यानं मेलेलं खाल्लं आणि गाव साफ ठेवलं. आपल्या बापजाद्यांची पाळी संपली की त्याची पाळी सुरू व्हायची.

गावात ढोर मेलं की सांगावा कुणाच्या दारात यायचा, हे तुम्हाला सांगायला नको. ओढायचं आपण, सोलायचं आपण. बैला-म्हशीचं कातडं जाड. ते निघालं की मांस मोकळं व्हायचं, वरून थवा उतरायचा आणि थोड्या वेळात नुसती हाडं उरायची. गावाची हवा चांगली, पाणी चांगलं. का चांगलं, याचा विचार वेशीच्या आत कुणी केला नाही. गिधाड अशुभ ठरलं, आपण अस्पृश्य ठरलो. दोघांना एकाच कामाची एकच बक्षिसी मिळाली.

तो थवा संपला. कसा संपला ते ऐका. ही गोष्ट संशोधकांनी शोधली आणि त्यांचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे.

१९८० च्या दशकात या देशात गिधाडं कोटींच्या हिशेबात होती. भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात विभू प्रकाश नावाच्या संशोधकाला ती घटताना दिसली. मग देशभर, रस्त्यांनी फिरून, मोजणी झाली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पांढऱ्या पाठीची जितकी गिधाडं होती, त्यातली २००७ साली हजारात एक उरली होती. लांब चोचीची शंभरातली ९७ गेली. मुंबईत मलबार हिलवर पारशांच्या डुंगरवाडीत गिधाडं येईनात, म्हणून तिथं सूर्याची उष्णता एकवटणारे आरसे बसवावे लागले.

कारण कुणाला कळेना. रोग म्हणाले, विष म्हणाले, कीटकनाशक म्हणाले. पाकिस्तानातल्या पंजाबात मेलेली गिधाडं गोळा करून संशोधकांनी ती फाडून बघितली. त्यांच्यात अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचा लिंडसे ओक्स हा पशुवैद्यकाचा संशोधक होता. पोटातल्या अवयवांवर चुन्यासारखी पांढरी पूड साचलेली. म्हणजे मूत्रपिंडं निकामी झालेली. शिसं तपासलं, नाही. विषाणू तपासले, नाही. मग या माणसांनी साधा प्रश्न विचारला : गिधाड खातं काय? मेलेली ढोरं. ढोरांना देतात काय? ते ढोरांच्या डॉक्टरांकडे, औषधं विकणाऱ्यांकडे गेले. उत्तर मिळालं, डायक्लोफेनॅक. ठणक आणि सूज कमी करणारं औषध. मूत्रपिंड निकामी झालेल्या २५ गिधाडांत ते तपासलं, २५ मध्ये सापडलं. २००४ साली हे छापून आलं.

शेतकऱ्याला शिव्या देऊ नका. बैलाचा पाय ठणकतो, उद्या नांगर धरायचाय, त्यानं सुई दिली. पेटंट संपलं होतं, औषध स्वस्त झालं होतं. गोदीत धोक्याच्या पेट्यांवर निशाणी असते, ती ओळखायला आम्ही शिकतो, नाही तर हात जातो. या बाटलीवर तशी निशाणीच नव्हती. आणि हिशेब असा भयंकर, की शंभर मढ्यांत एका मढ्यात जरी ते औषध असलं तरी थवेच्या थवे संपायला पुरतं, कारण एका मढ्यावर पन्नास पाखरं बसतात. २००६ साली भारतानं जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या. म्हणून २०१५ साली माणसांसाठीची बाटली ३ मिलिलिटरच्या वर नको, असा हुकूम काढावा लागला.

आता या गोष्टीतला चाकू बघा. ओक्सनं मेलेलं पाखरू उघडलं, हात रक्तात घातले, आतडी बाहेर काढली. तिथं त्याला शवविच्छेदन म्हणतात. त्यातून शोध लागतो, जगभर नाव होतं, आणि व्हायलाच पाहिजे. आपल्या आज्यानं तोच चाकू चालवला. कुठलं ढोर कशानं मेलं, कुठलं यकृत सडलेलं, कुठलं मांस हाताला लावू नये, हे त्यालाही कळत होतं. त्याला पदवी नाही, गावकुसाबाहेरची जागा मिळाली. चाकू एक, मढं एक. एकाचं ज्ञान झालं, दुसऱ्याचा विटाळ झाला. मध्ये फरक कशाचा? बुद्धीचा नाही. टेबलाचा, वहीचा आणि जातीचा.

पुढचा आकडा लिहून घ्या. २०२४ साली शिकागो विद्यापीठातला एयाल फ्रँक आणि वॉरिक विद्यापीठातला अनंत सुदर्शन या दोघांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गिधाडं जिथं मुळात भरपूर होती ते जिल्हे आणि जिथं नव्हती ते जिल्हे, असे त्यांनी ताडून बघितले. गिधाडं गेल्यावर पहिल्या प्रकारच्या जिल्ह्यांत माणसांचे मृत्यू चार टक्क्यांहून जास्त वाढले. २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जादा मृत्यू. का? मढी सडली, पाण्यात गेली, कुत्री वाढली, पिसाळलेल्या कुत्र्यांचा चावा वाढला. नुकसान किती, तर वर्षाला सुमारे ६९ अब्ज डॉलर.

म्हणजे गिधाडाच्या मजुरीचा हिशेब निघाला! मी टाळी वाजवतो. पण टाळी वाजवून झाल्यावर विचारतो, त्याच्या आधीच्या पाळीत जो माणूस होता, त्याच्या मजुरीचं काय? ती कुणी मोजली? हा आकडा जिल्ह्यांचा आहे, वस्त्यांचा नाही. ढोरं टाकायची जागा कुणाच्या घराजवळ असते? कुत्र्यांचा घोळका पहाटे कुणाच्या पोरांना गाठतो? रात्रपाळीहून पायी घरी कोण येतं? फ्रँक आणि सुदर्शन यांचा तो विषय नव्हता, त्यांना मी दोष देत नाही. पण तो आपला विषय आहे. आपण नाही विचारला तर कोण विचारणार?

इथं एक धोका सांगतो. गिधाडं वाचवायची म्हणून आता गोड भाषा सुरू होईल. गावाची जुनी परंपरा चांगली होती, निसर्गाचा समतोल होता, प्रत्येकाचं काम ठरलेलं होतं. सावध राहा! ठरवलं कुणी होतं? १९२७ च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेल्या ढोराचं मांस सोडा, ही हलकी कामं सोडा. पोटाला चिमटा घेऊन आपल्या माणसांनी ती सोडली. आणि ज्यांनी पोटासाठी सोडली नाहीत त्यांचं काय झालं? ११ जुलै २०१६, गुजरातमधलं मोटा समढियाळा. मेलेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या आपल्या पोरांना उन्यात गाडीला बांधून मारलं. मग सुरेंद्रनगरला आपल्या लोकांनी मेलेली ढोरं गाड्यांत भरून कलेक्टर कचेरीसमोर टाकली. तुमची माता, तुम्ही उचला! पर्यावरणाचा याहून खरा धडा कुठल्या वर्गात शिकवला गेला नसेल. सफाई कोण करतं हे ती थांबल्यावरच कळतं. गिधाडं मेली तेव्हा कळलं, आपण थांबलो तेव्हा कळलं.

म्हणून मी गिधाडाच्या विरोधात नाही. प्रयोगशाळेच्या विरोधात तर मुळीच नाही. माझं म्हणणं तीन वाक्यांत सांगतो.

एक. मेलेलं जनावर उचलणं हे सरकारी पगाराचं काम झालं पाहिजे. गाडी, यंत्र, हातमोजे, लस, आणि भरती सगळ्या जातींतून. गडचिरोलीत वनखात्यानं गिधाडांसाठी मढी ठेवायच्या जागा केल्या, त्यांना गिधाड उपाहारगृह म्हणतात. चांगलं आहे. पण तिथं जाल तेव्हा विचारा, ओढणारे हात कुणाचे? त्यांना मिळतं किती?

दोन. कुठल्या ढोराला कुठली सुई दिली हे ज्याला माहीत, त्याच्याकडे संशोधक येतातच. त्याच्या माहितीवर प्रबंध उभा राहतो आणि त्याला शेवटच्या पानावर ‘स्थानिकांचे आभार’ एवढंच मिळतं. आभार नकोत. नाव पाहिजे आणि रोजी पाहिजे.

तीन, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं. तुम्ही त्या प्रयोगशाळेत शिरा. कवी खूप झाले आपल्यात, मी धरून. जीवशास्त्र घ्या, पशुवैद्यक घ्या, जंगलाचा अभ्यास घ्या. पिंजरे उचलायला, दुर्बीण सांभाळायला म्हणून नाही. प्रश्न ठरवायला जा. कारण विज्ञान खोटं बोलत नाही, पण जेवढं विचारलं तेवढंच सांगतं. गिधाड का मेलं, हे विचारणारा भेटला म्हणून उत्तर सापडलं. ढोर ओढणारा माणूस किती वर्षं जगला, त्याच्या हाताला कुठले रोग झाले, त्याच्या मजुरीनं गावाचे किती जीव वाचले, हे विचारणारा अजून टेबलाशी बसलेला नाही.

ती खुर्ची रिकामी आहे. बसा.

जय भीम!