आरशाजवळची माणसं

आज इथे बांबोळीहून आलेले डॉक्टर आहेत, पेडणे आणि डिचोली तालुक्यांतले शिक्षक आहेत, आणि पुढच्या रांगेत मुद्दाम बसवले आहेत ते सलूनवाले, ब्युटी पार्लरच्या भगिनी, जिमचे प्रशिक्षक व फार्मसीतले माझे बंधू.

पुढची रांग अशी का, ते सांगायला हवं. बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर, म्हणजे इतरांना न दिसणारं किंवा नगण्य व्यंग सतत छळत राहण्याचा आजार, झालेला माणूस सहसा आधी मनाच्या डॉक्टरकडे जात नाही. त्याच्या लेखी बिघडलेलं असतं ते नाक, कातडी, केस, दंड. म्हणून तो आधी आपल्या दारात येतो.

डिचोलीत माझी फार्मसी होती. कॉलेजात शिकणारी एक मुलगी दर आठवड्याला यायची. गालावरचे खड्डे बुजवणारं मलम तिला हवं असायचं. मला तर खड्डा दिसत नव्हता. मी म्हणायचो, "बाय, काही नाही गं तुझ्या तोंडावर." तेवढ्यापुरता तिचा जीव थाऱ्यावर यायचा आणि पुढच्या आठवड्यात ती परत हजर. कधी मी स्टिरॉइडचं मलम देऊनही टाकायचो. स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत, हा नियम 2018 साली कडक झाला. तोवर ती सर्रास विकली जात होती. मग ती यायची थांबली. बसमधली माणसं गालाकडेच बघतात म्हणून तिने कॉलेज सोडलं, असं पुढे तिच्या आईने सांगितलं.

माझा तो दिलासा प्रेमाचा होता, खराही होता. पण या आजारात दिलासा म्हणजे खाज सुटल्यावर खाजवणं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, याचं दुःख अजून जात नाही.

आरशासमोर वेळ घालवणं हा आजार नव्हे. आमचा दशावतारी नट छोट्याशा आरशात बघून स्वतःचं तोंड रंगवतो, रात्रभर राजा होतो आणि पहाटे रंग पुसून घरी जातो. या आजारातल्या मुलाला तो आरसा सोडत नाही. दिवसाचे तासन्‌तास तपासणं, चाचपणं, झाकणं, इतरांशी तुलना करणं आणि त्यापायी शाळा, काम, माणसं तुटणं, ही याची खूण. मोर्सेली या इटालियन डॉक्टरांनी 1891 सालीच याचं वर्णन केलं होतं. शंभरांत साधारण दोघांना हा त्रास असतो, मुलग्यांनाही असतो, आणि बहुधा बारा-तेराव्या वर्षी तो डोकं वर काढतो. शिक्षकांनो, म्हणजे सातवी-आठवीच्या वर्गात. आत्महत्येचे विचार यात फार येतात. त्यामुळे याला "नखरे" म्हणणं क्रूरपणाचं आहे.

उपचार आहेत. कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीत आरशाच्या फेऱ्या हळूहळू कमी करायला, चेहरा न झाकता बाजारात जायला शिकवतात. अनेकांना एसएसआरआय गटातली औषधंही लागतात, पुष्कळदा नैराश्यापेक्षा जास्त मात्रेत, आणि गुण यायला बारा आठवडेही लागतात. घरच्यांनी तोवर धीर सोडू नये. प्लास्टिक सर्जरीने मात्र बहुतेकांचं समाधान होत नाही. एक खोट गेली की दुसरी दिसू लागते.

डॉक्टर नसलेली माणसं यात काय करणार, असं कोणी विचारेल. 1996 साली स्थापन झालेल्या 'संगत' या संस्थेने आपल्याच गोव्यात साध्या माणसांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं, आणि नैराश्य-चिंतेच्या रुग्णांना सरकारी आरोग्य केंद्रांत त्याचा फायदा झाल्याचं 2010 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालं. ते आजार वेगळे होते, हे मी जाणतो. आपल्याकडून उपचारांची अपेक्षाही नाही. समोरचा सांगतो ते व्यंग दिसतं की नाही, या वादात पडू नका. "याचा तुला फार त्रास होतोय ना? दिवसातला किती वेळ जातो यात?" एवढं विचारा आणि योग्य दार दाखवा.

बाहेरच्या टेबलावर कार्डं ठेवली आहेत. त्यांवर मानसिक आरोग्यासाठीच्या 'टेली मानस' हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे. फोन फुकट आहे आणि चोवीस तास लागतो. जाताना प्रत्येकाने एक कार्ड न्यावं आणि आपल्या दुकानात, सलूनमध्ये, जिममध्ये आरशाच्या अगदी शेजारी चिकटवावं, ही माझी हात जोडून विनंती.