वाडवडिलांचा धर्म

जयपूर येथे राजस्थानच्या विधानसभेने २००६ च्या एप्रिल महिन्यात धर्मस्वातंत्र्याविषयीचे एक विधेयक संमत केले. बळजबरी, आमिष वा फसवणूक यांच्या योगाने होणाऱ्या धर्मांतरास आळा घालणे, हा त्याचा उद्देश. अशा उद्देशाला उघड विरोध कोण करणार? परंतु त्या विधेयकात एक लहानशी व्याख्या होती. माणसाचा 'स्वतःचा धर्म' म्हणजे त्याच्या वाडवडिलांचा धर्म, अशी ती व्याख्या. पुढच्या गदारोळात तिच्याकडे जावे तितके लक्ष गेले नाही.

परंपरानिष्ठ ख्रिस्ती माणसाचा खरा वाद या व्याख्येशी आहे. एरवी हा माणूस राज्यसत्तेशी भांडणारा नव्हे. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात अधिकाऱ्यांच्या अधीन राहण्याची आज्ञा आहे, आणि ती तो मनापासून मानतो. पण धर्म हा घर-जमिनीसारखा वारशाने मिळतो, हे मात्र त्याला मान्य करता येत नाही. रात्रीच्या वेळी येशूकडे आलेल्या निकदेमाला नव्याने जन्मण्याविषयी सांगण्यात आले. निकदेम कोणी परका नव्हता. तो यहुद्यांचाच एक प्रतिष्ठित शास्ता होता. या दृष्टीने पाहता पाळकाचा मुलगादेखील केवळ त्या घरात जन्मला म्हणून विश्वासणारा ठरत नाही. तान्ह्या बालकांना बाप्तिस्मा देणारे कित्येक पंथही मूल जाणते झाल्यावर त्याच्याकडून पुन्हा कबुली घेतात. तेव्हा जी व्याख्या कायदेपंडितांना केवळ सोयीची वाटली, ती वस्तुतः धर्मशास्त्रातील एक सिद्धान्तच होती.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही हलके नाही. १८९९-१९०० चा दुष्काळ राजपुतान्यात 'छपन्या' या नावाने ओळखला जातो, कारण ते विक्रम संवताचे १९५६ वे वर्ष होते. त्या वर्षी अनाथ झालेल्या अनेक मुलांना मिशनांनी आश्रय दिला. भाकरी आणि बाप्तिस्मा एकाच हातून मिळाले की आमिषाची शंका येणारच. ती केवळ द्वेषातून येते असे म्हणणे बरे नव्हे. शिवाय बाप्तिस्म्यांची संख्या अहवालात मिरवण्याचा मोह मिशनांना अनेकदा आवरला नाही. अंतःकरणातील घटनेची मोजदाद प्रथम त्यांनीच केली. राज्यकर्त्यांनी ती पुढे चालवली, इतकेच.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यामागे गेल्या नाहीत. पुढे त्याही ख्रिस्ती झाल्या, पण काही वर्षांनी आणि स्वतःच्या वाटेने. ती वाट किती अवघड होती, हे 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना सांगायला नको.

घटना समितीत ६ डिसेंबर १९४८ रोजी 'प्रचार' या शब्दावर कडाक्याची चर्चा झाली आणि तो शब्द राहिला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची मर्यादा सांगितली: आपल्या धर्माची तत्त्वे मांडण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा नाही. गंमत अशी की, धर्मांतर मनुष्य घडवीत नाही, देव घडवतो, असेच जुन्या वळणाचा ख्रिस्तीही म्हणतो. मात्र त्या देवाच्या कृतीची आगाऊ सूचना जिल्हाधिकाऱ्याला कशी द्यावी, हे त्याला उमगत नाही.

जयपूरचे ते विधेयक राज्यपाल प्रतिभाताई पाटील यांनी २००६ च्या मे महिन्यात परत पाठवले. २००८ मध्ये सभागृहाने विधेयक पुन्हा संमत केले आणि ते राष्ट्रपतींकडे गेले. तोपर्यंत त्या पदावर प्रतिभाताईच आल्या होत्या! त्याचा कायदा झाला नाही. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच विधानसभेने अधिक कडक विधेयक संमत केले. मूळ, म्हणजे पूर्वजांच्या, धर्मात परतणे हे धर्मांतर मानले जाणार नाही, असे त्यात म्हटले आहे.

आता छपन्याच्या दुष्काळात मिशनच्या आश्रयाला येऊन ख्रिस्ती झालेल्या एखाद्या पोराचा पणतू डोळ्यांसमोर आणावा. त्याचा आजा ख्रिस्ती, बाप ख्रिस्ती; खापरपणजा मात्र भैरवाला नारळ फोडणारा. उद्या तो अर्ज घेऊन कचेरीत उभा राहिला, तर त्याचे पूर्वज कोणत्या पिढीपासून मोजायचे?