कळसूबाईएवढाच डोंगर, पण बर्फाचा



आज तिकीट न काढता, घरबसल्या एका लांबच्या गावाला जाऊया. गाव जपानमधलं, नागानो प्रांतातलं. नाव नोझावा ओन्सेन. ओन्सेन म्हणजे गरम पाण्याचे झरे, आपल्याकडे वज्रेश्वरी-गणेशपुरीला आहेत तसे. गावाच्या डोक्यावर केनाशी नावाचा डोंगर आहे. हिवाळ्यात तिथे बर्फ पडतो आणि देशोदेशीचे लोक त्या बर्फावरून घसरायला येतात.

तुम्ही म्हणाल, आपला आणि बर्फाचा काय संबंध? आधी उंची ऐका. केनाशी १६५० मीटर आणि आपली कळसूबाई १६४६ मीटर. फरक फक्त चार मीटरचा!

दुसरी गोष्ट वाऱ्याची. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून ढग येतात, सह्याद्रीला अडतात आणि इगतपुरी, त्र्यंबक, भंडारदरा भिजवून काढतात. जपानमध्ये हेच हिवाळ्यात होतं. सैबेरियाकडून कोरडं, गार वारं सुटतं, वाटेतल्या समुद्रावरून पाणी उचलतं आणि डोंगराला अडलं की बर्फ होऊन खाली पडतं. डोंगराच्या वरच्या भागात तीन-तीन मीटर थर साचतो. म्हणजे आपल्याला जसा पाऊस, तसा त्यांना बर्फ. आपल्याकडेही त्या पावसासाठीच लोक गाड्या भरभरून येतात.

आता गावात शिरू. टोकियोहून वेगवान रेल्वेने पावणेदोन तासांच्या आसपास इयामा स्टेशन, तिथून बसने अर्ध्या तासाच्या आत गाव. गल्ल्या अरुंद, चढाच्या. रस्त्याकडेच्या गटारातूनही वाफ येते, कारण खाली गरम पाणी वाहतं. डोंगरावर न्यायला तारेवर लटकणारे पाळणे. आपल्या सप्तशृंगी गडावर ट्रॉली रुळावरून जाते, इथले पाळणे हवेतून जातात. वर गेलं की लोक पायाला लांब, चपट्या पट्ट्या बांधतात, दोन्ही हातांत काठ्या धरतात आणि उतारावरून सुसाट खाली येतात. या खेळाला स्की म्हणतात. चार वर्षांची पोरंही खेळतात आणि सत्तरीचे आजोबाही.

हा खेळ त्यांचा मुळातला नाही. १९११ साली थिओडोर फॉन लेर्ख नावाच्या एका ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याने शेजारच्या निगाता प्रांतात जपानी सैनिकांना तो शिकवला. त्याआधी बर्फ म्हणजे संकटच होतं. शेत गाडलं जायचं, वाट बंद व्हायची. जपानच्या त्या सगळ्या बर्फाळ मुलखात हिवाळा लागला की माणसं गाव सोडून मजुरीला जायची. पेठ-सुरगाण्याची कुटुंबं निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांवर जातात, तेच दुखणं.

मग या गावाने काय केलं? १९२३ साली गावकऱ्यांनी स्कीची स्वतःची संस्था काढली. १९५० साली डोंगरावर पहिला पाळणा लावला. १९६३ साली संस्थेने डोंगरावरचा हा कारभार गावाच्या प्रशासनाकडे सोपवला. बाहेरचा मालक येऊन डोंगर घेईल आणि आपल्याला झाडूकाम देईल, याची वाट गावाने पाहिली नाही. शेतकऱ्यांनी राहत्या घरातल्या खोल्या पाहुण्यांना दिल्या. अशा घरगुती मुक्कामाला जपानमध्ये मिनशुकु म्हणतात. पाहुणा घरातच झोपतो आणि घरचंच जेवतो.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगते. या गावात गरम पाण्याची १३ सार्वजनिक स्नानगृहं आहेत. कोणीही जावं, आंघोळ करावी. तिकीट नाही, दारात फक्त दानपेटी. मग झाडलोट कोण करतं? वीज-पाण्याचं बिल कोण भरतं? प्रत्येक स्नानगृहाभोवतीच्या घरांचा एक गट असतो. त्याला यु-नाकामा म्हणतात, म्हणजे गरम पाण्याचे सोबती. घरं पाळीपाळीने सफाई करतात आणि खर्च वाटून घेतात. ही रीत शेकडो वर्षांची आहे. त्याशिवाय नोझावा-गुमी नावाची जुनी गावकी आहे. झरे, सामाईक रान आणि जानेवारीतला अग्नीचा उत्सव ती सांभाळते.

बायांनो, हे ऐकताना आपला बचत गट आठवला का? पाळी, वर्गणी, हिशोब, एकमेकींवर विश्वास. हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. आपण ते महिन्याच्या महिन्याला करतो.

आता त्यांच्या स्वयंपाकघरात डोकावू. तिथे नोझावाना नावाची पालेभाजी पिकते, मुळा-मोहरीच्या जातीची. नोव्हेंबरात, बर्फ पडायच्या आधी, ती उपटतात आणि गरम झऱ्याच्या पाण्यात धुतात. बाया गप्पा मारत जुड्याच्या जुड्या धुतात. मग पिंपात मीठ घालून दाबून ठेवतात. हिवाळाभर ते लोणचं चहाबरोबर पाहुण्यापुढे येतं. भाजीला गावाचंच नाव आहे. ते नाव आज जपानभर माहीत आहे.

गावात ओगामा नावाची एक जागा आहे. तिथलं पाणी जवळजवळ उकळतं, ९० अंशांच्या आसपास. बाया तिथे भाजी, अंडी उकडून नेतात. पण ती जागा फक्त गावकऱ्यांची. पाहुण्याने कठड्याबाहेर उभं राहून बघायचं, आत पाय ठेवायचा नाही. पाहुणा देवासारखा खरा, पण चुलीजवळ कुठपर्यंत यायचं हे घरच्या बाईने ठरवायचं. मला ही रीत फार शहाणपणाची वाटते.

तिथलं सगळंच गोड आहे असंही नाही. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जपानमध्ये स्कीची लाट टिपेला होती. नंतर खेळणारे निम्म्याहून कमी झाले. कितीतरी डोंगरांवरचे पाळणे गंजून बंद पडले. एकाच हंगामावर सगळा संसार टांगला की असं होतं. उत्तरेकडच्या निसेको भागाची कथा वेगळी. तिथे परदेशी पैसा आला, जमिनीचे भाव भडकले, मोठी हॉटेलं उठली. गर्दी वाढली, पण बरीच मालकी बाहेर गेली.

आता आपल्याकडे या. कळसूबाईच्या पायथ्याचं बारी, भंडारदरा, इगतपुरी, त्र्यंबक, हरिहर, अंजनेरी. मे-जूनमध्ये भंडारदऱ्याकडे काजवे बघायला झुंबड, पुढे पावसात धबधब्यांना झुंबड. सोमवारी सकाळी मागे काय उरतं? बाटल्या, पुड्या, चिखल आणि तुडवलेले बांध.

एक हिशोब घाला. समजा एका रविवारी तुमच्या गावात शंभर माणसं आली आणि प्रत्येकाने पाचशे रुपये खर्च केले. झाले पन्नास हजार. त्यातले पेट्रोलचे पंपावर गेले. बाटलीतल्या पाण्याचे कारखान्याला, मॅगी-वेफर्सचे शहरातल्या कंपनीला, खोलीचे बाहेरच्या मालकाला. गावात किती राहिले? आता त्याच शंभर जणांनी तुमच्या गटाकडे दीडशे रुपयांची थाळी घेतली असं धरा. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, रानभाजी. झाले पंधरा हजार. त्यातलं धान्य आपल्या शेतातलं, राबणारे हात आपल्याच गटातले. तेल-मीठ सोडलं तर बाकी पैसा गावातच फिरतो.

आणि आपल्याकडे नोझावानासारखं नाव होईल असं काही नाही, असं कोणी म्हणू नका. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाल, भात, भाज्यांचं बी घराघरांतून गोळा केलं, जपलं, वाटलं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बीजमाता म्हणून आज त्यांना सगळे ओळखतात. ते बी कळसूबाईच्याच परिसरातलं आहे. पाहुण्याच्या ताटात ते वाढलं गेलं पाहिजे.

मग करायचं काय? चार गोष्टी सांगते, पुढच्या बैठकीत मांडा.

पहिली, पाळी लावा. हंगामात कोणत्या रविवारी कोणाची चूल, कोणाची सफाई, हे वहीत लिहा. भाव सगळ्यांचा एकच ठेवा, नाहीतर आपणच आपले भाव पाडू.

दुसरी, बायांसाठी स्वच्छ संडास आणि कचऱ्याची पोती. पाहुणीला याच दोन गोष्टी आधी लागतात. गाडी लावण्याचे पैसे घ्यायचे तर ग्रामपंचायत किंवा वन समितीच्या ठरावाने, पावती देऊन घ्या. त्यातून सफाईचा खर्च निघेल.

तिसरी, सरकारी वाटा माहीत करून घ्या. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे. २०२३ मध्ये महिलांसाठी 'आई' नावाचं पर्यटन धोरण आलं. त्यात महिलांच्या पर्यटन व्यवसायाला पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरावीक मर्यादेत शासन भरतं. अर्ज करायच्या आधी आजच्या अटी पर्यटन संचालनालयाच्या नाशिक कार्यालयात विचारा, एकटीने नाही, चौघी मिळून जा.

चौथी, आणि सगळ्यात मोठी, जमीन. रस्त्याकडेचा तुकडा विकला की पैसा एकदाच येतो. नंतर त्याच तुकड्यावर आपल्याच सुना भांडी घासायला जातात. सातबारावर बाईचं नाव असेल तर विक्रीच्या कागदावर तिची सही लागते. ती सही करण्याआधी गटात बोला. आदिवासी जमीन बिगर आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय देता येत नाही, हेही लक्षात ठेवा. अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना पेसा कायद्याने ग्रामसभेचा अधिकार आहे. ग्रामसभेला जा, आणि गेल्यावर बोला.

शेवटचं एक. भाताची लावणी आणि पाहुण्यांची गर्दी आपल्याकडे एकाच वेळी येते. म्हणून सगळा भार पावसावर टाकू नका. हिवाळ्यात हुरडा आहे, नागलीचे पापड आहेत, बांबूच्या टोपल्या आहेत. २०२७ मध्ये सिंहस्थ आहे, त्र्यंबकची वाट गर्दीने फुलेल. तोपर्यंत एका गावात एका गटाने जरी घडी बसवली, तरी बाकीच्यांना ती बघून शिकता येईल.

डोंगर त्यांचाही तेवढाच उंच आहे आणि आपलाही. त्यांनी आपला डोंगर आपल्या हातात ठेवला. तुमच्या गटात या विषयावर काय ठरलं ते आम्हाला कळवा.